चौदावा दगड

सांडव्यापासून मोजत आलं की चौदावा दगड.
त्यावर बाबालाल बसायचा, पंधराव्यावर मी.
मध्ये गांडुळांचा डबा, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेला.
आज चौदाव्यावर त्याची लेक बसलीय,
चपला बाजूला काढून,
कुणाच्या घरात आल्यासारखी.

विट्यात घड्याळं दुरुस्त करायचा बाबालाल मुलाणी.
गुरुवारी चारला शटर ओढायचा,
एम-एटीला कळकाची काठी आडवी बांधून
वाळूखिंडीच्या तलावावर यायचा.
बारा वर्षं.
मी बोर्डात वायरमन, सुट्टी गुरुवारची,
एवढंच आमच्या दोस्तीचं कारण.

नसीम विचारते,
‘अब्बा इथं काय बोलायचे?’

काय सांगू हिला.
तंगूस सोड थोडी.
भेंड हललं.
वारा आहे तो, मासा नाही.
त्याला मुलगी आहे हे मला कळलं
ते तिच्या लग्नाची पत्रिका
त्यानं गांडुळांच्या डब्याखाली सरकवली तेव्हा,
उडू नये म्हणून.
गेलो नाही मी. त्या दिवशी खानापूर फिडरवर
लिंबाची फांदी पडली होती.
मयतीला मात्र वेळेवर पोचलो.

पाणी मातकट, उतरलेलं.
बांधाचे खालचे दगड उघडे पडलेत,
त्यांवर छिन्नीचे घाव अजून तसेच.
दुष्काळात मूठभर धान्यावर कुणी घातले, नाव नाही.
बेशरमीच्या झुडपात पाणकोंबडी
आपल्या पिलांवर खेकसतेय.

मी पिशवीतून कणकेचा गोळा काढतो.
ती हुंगते. ‘हिंग?’
हो. मृगळाला वास लागतो. तुझ्या अब्बानंच शिकवलं.
ती हसायला लागते, थांबेचना.
‘अम्मी दर महिन्याला भांडायची हो,
हिंगाची डबी जाते कुठं म्हणून!
शेजारच्या मालनकाकूंशी बोलणं टाकलं होतं तिनं.’
हसता हसता तिचा आवाज कुठंतरी वळतो.
मी भेंडाकडं बघत राहतो.
भेंडाकडं बघत राहणं मला येतं.

आधी दोन टिचक्या.
मग ज्वारीच्या धाटाचं ते भेंड सरळ खाली.
‘ओढ’ म्हणायच्या आत तिनं ओढलं,
चुकीचं, खांद्यातून, विहिरीतून घागर ओढावी तसं,
आणि तरी आली:
बोटभर चिलापी, पाठीचे काटे उभारून,
साऱ्या तालुक्याशी भांडण असल्यासारखी.
एक काटा अंगठ्यात शिरला.
तिनं अंगठा चोखला, मासळी सोडली नाही.

गळ मी काढतो. चिमटा बाबालालचाच,
घड्याळाच्या बारक्या चाकांचा.
सांगतो, एवढुशी असली की तो परत सोडायचा.
‘जा, थोरल्याला पाठव,’ म्हणायचा.
थोरला एकदाच आला.
काठी धनुष्य झाली, तंगूस तुटली,
आणि बाबालाल मांडीभर पाण्यात उभा,
तुटलेलं टोक दिव्याशी धरावं तसं डोळ्याशी धरून:
‘चला, ओळख तर झाली.’
घरी जाईपर्यंत खुशीत होता.

ती वाकते. तळवा पाण्यात नेते.
मासळी गेली तरी तळवा तसाच, उघडा, पाण्याखाली.
ती वाक्य म्हणेल म्हणून मी वाट बघतो.
म्हणत नाही.

पलीकडच्या पठारावर पवनचक्क्यांचे लाल दिवे लागतात.
तिसरा बंद आहे.
रिटायर झालो तरी असलं दिसतंच.

डास. भेंड आता दिसत नाही,
दिसतंय असं धरून चालायचं.
उठायला हवं; एमआयडीसीकडून जाणारी
शेवटची वडाप साडेसातची.
कुणी उठत नाही.

बऱ्याच वेळानं ती, पाण्याकडं बघतच:
‘तंगूस सोडू थोडी?’

सोड.